चिठ्ठी परत आली तेव्हा

डिसेंबर २०२४. ओपीडी ओसंडून वाहत होती. साडेतीन वर्षांच्या एका पोराचं नाक गळत होतं. तीस वर्षांच्या सवयीने मी सर्दीचे थेंब लिहिले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. दहा मिनिटांत पोराचा बाप पुन्हा दारात. "डॉक्टरसाहेब, मेडिकलवाला औषध देत न्हाई म्हनतोय."

माझा पारा चढला. नुकताच डी. फार्म होऊन काउंटरवर उभा राहिलेला मुलगा माझी चिठ्ठी अडवतो? फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सर, बाटलीवरच छापलंय. चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये."

बाटली मागवून घेतली. चष्मा वर करून वाचलं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांच्या मिश्रणावर ही सूचना छापण्याचा आदेश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. म्हणजे सबंध वर्षभर मी ते औषध लहान मुलांना लिहीत होतो. त्या पोराला मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब दिले आणि बापाला सांगितलं, "चूक माझी होती." पोराला काही झालं नाही, झोप उडाली ती माझी.

माझ्या खुर्चीमागे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचं नूतनीकरणाचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. पाच वर्षांत लागणारे ३० क्रेडिट पॉइंट मी पुरेपूर भरले होते. त्यातले निम्मे शेवटच्या चार महिन्यांत, सोलापूर-पुण्याच्या परिषदांना सही करून, दुपारचं जेवून. गुण जमले होते, पण हात जुनंच लिहीत होता.

याआधीही मला दोनदा ठेच लागली होती, आणि दोन्ही वेळा दगड वेगळा होता.

पहिली ठेच २०१९ ची. वीटभट्टीवर राबणारा एक तरुण, थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेले. इथे नियम मला पक्का ठाऊक होता. क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांवर २०१२ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने तर न कळवणाऱ्यावर कारवाईचीही तरतूद केली. पण 'निक्षय' पोर्टल म्हणजे लॉगिन, विसरलेला पासवर्ड, रुग्णाचं बँक खातं. 'रविवारी बघू' म्हणत मी त्याचा कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. त्यानंतर कितीतरी रविवार गेले.

तिसऱ्या महिन्यात त्याचे पैसे संपले. बरं वाटत होतं, म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. परत आला तो खोकल्यातून रक्त पडू लागल्यावर. वेळेत नोंद झाली असती, तर माझ्याकडे उपचार घेत राहूनही त्याला सरकारी औषधं मोफत मिळवून देता आली असती. पोषणासाठी तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले आहेत. शिवाय गोळ्या थांबल्या की कुणीतरी घरी जाऊन चौकशी केली असती. यातलं काहीच झालं नाही, कारण त्याचा कागद माझ्या काचेखाली होता. पुढे सरकारी उपचारांनी तो बरा झाला, पण घरात दोन लहान मुलं होती. त्यांच्या तपासण्या होऊन 'काही नाही' असा निरोप येईपर्यंतचे दिवस मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या ठेचेच्या वेळी मी उलट नको तितका तत्पर निघालो. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नवे नियम निघाले. औषधं जेनेरिक नावानेच लिहा, नाहीतर परवान्यावर गदा, असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर धो धो कोसळू लागले. मूळ नियम न वाचताच मी जुन्या पेशंटांच्या चिठ्ठ्या एका रात्रीत बदलल्या. वर्षानुवर्षं एकाच कंपनीची ब्लडप्रेशरची गोळी घेणाऱ्या एका आजींना 'अ‍ॅम्लोडिपिन' असं लिहून दिलं. आठवड्याने आजी आल्या, पाय सुजलेले, डोकं गरगरतंय. पिशवीतून दोन पाकिटं निघाली. औषध एकच, नावं दोन, आणि आजी दोन्ही घेत होत्या. "जुनी बंद कर असं तुम्ही कुठं म्हनला?" त्यांनी विचारलं. मी निरुत्तर.

२३ ऑगस्टला आयोगानेच ते नियम स्थगित केले आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. ते काढून वाचले तेव्हा कळलं, जेनेरिक नाव सुवाच्य अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं, हे २०१६ च्या दुरुस्तीपासून त्यातही आहेच. म्हणजे जुना नियम मी कधी वाचला नव्हता आणि नवा अर्धवट ऐकून पळत सुटलो होतो.

एकदा मला कळलंच नाही, एकदा कळूनही टाळलं, एकदा अर्धवट कळल्यावर घाई केली. तुमच्या दवाखान्यात यातली एखादी गोष्ट आत्ताही चालू असेल, म्हणून माझे चार नेम सांगतो.

निरोप कुणीही पाठवो, मूळ परिपत्रक उघडायचं. काढलं कुणी, तारीख कोणती आणि ते मसुदा आहे, लागू आहे की स्थगित, हे पाहिल्याशिवाय पेन हलवायचं नाही.

दर गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा अर्धा तास वहीला. त्या वहीचं नाव मी 'थांबवायचं' असं ठेवलंय. नवीन औषधं सांगायला एमआर येतातच. काय थांबवायचं हे सांगायला कुणी येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदी आली. ती यादी नुसती वाचून डोक्यात राहत नाही. स्वतःच्या महिन्याभराच्या चिठ्ठ्या शेजारी घेऊन बसलं की आपलं काय खोडायचं ते दिसतं. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं देऊ नका आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळा, ही ऑक्टोबर २०२५ ची केंद्राची सूचनाही त्याच वहीत आहे. ते पान मी कंपाउंडरला आणि सिस्टरला वाचून दाखवतो.

क्षयाची नोंद पेशंट खुर्चीतून उठायच्या आत करायची. पासवर्ड मी आणि सिस्टर, दोघांनाही पाठ आहे.

औषधाचं नाव बदललं, की घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगायची आणि जुन्यावर ठळक 'बंद' असं लिहायचं. आजींनी शिकवलेला हा नेम आहे.

गेल्या आठवड्यात त्या मेडिकलच्या मुलाने पुन्हा एक चिठ्ठी परत पाठवली. मी आदेश काढून पाहिला. या वेळी चूक त्याची होती, त्याने वय चुकीचं वाचलं होतं. तो फोनवर ओशाळला, माफी मागू लागला. मी म्हटलं, "माफी कसली मागतोस? शंका आली की पाठवत जा परत."