पहिली मूठ कोणाची? बेंगळुरूच्या शेंगांच्या जत्रेतून एक पाठ

कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात एक जत्रा भरते. दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या मंदिरासमोरचा सारा रस्ता भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगांनी भरून जातो. कन्नडमध्ये या जत्रेला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. कडलेकाई म्हणजे भुईमुगाची शेंग आणि परिषे म्हणजे जत्रा. २०२४ मध्ये हा सोमवार २५ नोव्हेंबरला आला होता, २०२५ मध्ये १७ नोव्हेंबरला.

मागडी, रामनगर, चन्नपट्टण, कोलार, चिक्कबळ्ळापूर अशा भागांतून आणि आंध्र, तमिळनाडूतूनही शेंगा येतात. कच्च्या, उकडलेल्या, भाजलेल्या, दोन दाण्यांच्या, तीन दाण्यांच्या अशा अनेक परींच्या शेंगा असतात आणि त्या शेराच्या मापानेही मोजून दिल्या जातात. शेजारी चुरमुरे, बत्तासे, बांगड्या आणि मुलांची खेळणी असतात. पण मुख्य मान शेंगांचाच.

या जत्रेत एक क्रम पाळला जातो. नव्या पिकाच्या शेंगा आधी नंदीला अर्पण होतात, मग प्रसाद म्हणून वाटल्या जातात. आधी अर्पण, मग उपभोग. या साध्या क्रमातच आजचा आपला पाठ आहे.

काठी उगारलेला हात

जत्रेमागची कथा अशी सांगितली जाते. जिथे आज बसवनगुडी आहे, तिथे पूर्वी सुंकेनहळ्ळी आणि आसपासची छोटी गावे होती. तेथील शेतकरी भुईमूग पिकवत. पीक हाताशी आले की एक बैल येई आणि शेताची नासाडी करून जाई. एका रात्री चिडलेल्या शेतकऱ्याने त्याच्यावर काठी उगारली आणि फटका मारला. बैल जागीच बसला आणि त्याची शिळा झाली. ती शिळा वाढत चालली, तेव्हा गावकरी घाबरले आणि त्यांनी शिवाची प्रार्थना केली. नंदीच्या मस्तकावर लोखंडी त्रिशूळ बसवल्यावर ती वाढ थांबली. त्यानंतर दरवर्षी पहिले पीक बसवण्णाला द्यायचे, असे गावांनी ठरवले. आज मंदिरात दिसणारा नंदी एकाच अखंड शिळेत घडवलेला, सुमारे १५ फूट उंच आहे. हे मंदिर बेंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांनी सोळाव्या शतकात बांधले, असे मानतात.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपीय जहाजांच्या सफरींनंतर तो आशियात आला. म्हणून या कथेत साल शोधण्याचा आग्रह धरू नये. तिच्यातील भाव मात्र नीट पाहावा. शिवाय परदेशातून आलेले एक पीक इथल्या लाल मातीत रुजले, इथल्या देवाचा नैवेद्य झाले, हीसुद्धा लहान गोष्ट नाही. मातीने आणि माणसांनी सांभाळले की परके पीकही घरचे होते.

आता कथेचा भाव पाहू. बैल तोच आहे, शेंगाही त्याच आहेत. आधी बैल घेत होता, तेव्हा ती नासाडी होती. पुढे शेतकरी स्वतः देऊ लागला, तेव्हा ते अर्पण झाले. जे हातातून जाणार म्हणून मन जळत होते, तेच आपण होऊन पुढे केल्यावर मन शांत झाले. काठी उगारणारा हात आणि ओंजळ पुढे करणारा हात एकाच माणसाचा आहे. साधना याहून वेगळे काय करते? ती हाताची दिशा बदलते.

पहिला वाटा ही आपलीही रीत

ही रीत मराठी घरांना अनोळखी नाही. पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास आधी मिळतो, मग घरचे जेवतात. कोकणात नवान्नाच्या वेळी भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात आणि नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवल्यावरच तो घरात शिजू लागतो. अनेक आदिवासी पाड्यांवर नवे धान्य, नवी भाजी देवाला दिल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. भाषा वेगळी, पीक वेगळे, पण पहिला वाटा दुसऱ्याचा हा नियम एकच.

बेंगळुरूशी आपले नाते जुने आहे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वर मंदिराला त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी एक गाव इनाम दिल्याची १६६९ सालची नोंद शिलालेखात आहे. देवळाचा दिवा आणि नैवेद्य गावाच्या शेतातून येतो, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. आज त्याच मंदिराजवळही शेंगांची जत्रा भरू लागली आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्नाचे एक चक्र सांगितले आहे. प्राणी अन्नावर जगतात, अन्न पावसावर अवलंबून असते, पाऊस यज्ञावर आणि यज्ञ कर्मावर. या चक्रातून घ्यायचे आणि त्यात काहीच परत घालायचे नाही, अशा जगण्याला तिथे व्यर्थ म्हटले आहे. यज्ञ म्हणजे केवळ अग्नीतील आहुती असे समजू नका. चक्र फिरते राहावे म्हणून जे जे परत दिले जाते, ते सारे यज्ञच आहे.

भुईमूग काय शिकवतो?

भुईमुगाचे झाड पाहिले आहे का? त्याची पिवळी फुले जमिनीच्या वर येतात. फूल फळल्यावर त्यातून एक बारीक दांडी निघते. शेतकरी तिला आऱ्या म्हणतात. आऱ्या खाली वाकतात, मातीत शिरतात आणि शेंग मातीच्या आत अंधारात भरते. फूल जगाला दिसते, फळ मात्र झाकलेले राहते. ज्या साधकाला केलेल्या सेवेचा गाजावाजा करावासा वाटतो, त्याने हे झाड एकदा जवळून पाहावे.

आणखी एक गोष्ट आहे. भुईमुगाच्या मुळांवर छोट्या गाठी असतात. त्यांतील जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. पीक काढल्यावर त्यातला काही भाग मातीत राहतो आणि पुढच्या पिकाच्या उपयोगी पडतो. हे झाड मातीकडून घेते तसे मातीला देतेही. गीतेतले चक्र पुस्तकाबाहेर पाहायचे असेल तर ते भुईमुगाच्या एका रोपात दिसते.

शेत गेले, जत्रा राहिली

आता थोडे अवघड बोलू. बसवनगुडीत आज भुईमूग पिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या काळात, बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहती वसल्या. शेतांवर घरे आली, मग रस्ते, मग शहर. ज्या शेतांसाठी बैलाशी भांडण झाले ती शेते गेली. पाहुणा म्हणून शेंगा दूरच्या गावांतून येतात.

वृषभावती नदी या नंदीच्या पायांपासून उगम पावते, अशी श्रद्धा आहे. ही नदी पुढे अर्कावतीला आणि अर्कावती कावेरीला मिळते. आज वृषभावती शहराचे सांडपाणी वाहून नेते. बिडदीजवळच्या बैरमंगल तलावात ते पाणी पोहोचते आणि त्या परिसरातील शेतकऱ्यांच्या वाट्याला येते. म्हणजे खेड्यातून शहराकडे शेंगा येतात आणि शहराकडून खेड्याकडे घाण पाणी जाते. नंदीच्या एका बाजूला अर्पण आहे, दुसऱ्या बाजूला हे आहे. आपण मान खाली घालून विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

म्हणून हा पाठ शेतकऱ्यासाठी नाही. तो तर पहिली मूठ देतोच. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के शेते दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत. अशा शेतात कोरडवाहू पीक घेणारा माणूस पावसावर भरवसा ठेवतो, साठवणुकीची सोय नसल्याने पीक निघताच विकतो, आणि सर्वांचे पीक एकदम बाजारात आले की भाव पडतो. त्याला त्यागाचे प्रवचन देण्याचा आपल्याला अधिकार नाही. पाठ खाणाऱ्यासाठी आहे. आपली पहिली मूठ कोणती, हा प्रश्न आपला आहे.

देवळात नोट, बाहेर घासाघीस

एक प्रसंग कल्पनेत आणा. आपण रांगेत उभे राहून नंदीचे दर्शन घेतो. दानपेटीत शंभराची नोट टाकतो आणि प्रसन्न होतो. बाहेर येतो. एक बाई शेंगांचा ढीग लावून बसली आहे. आपण भाव विचारतो आणि दहा रुपयांसाठी पाच मिनिटे हुज्जत घालतो. माप भरल्यावर वर आणखी एक मूठ उचलून घेतो.

शंभर रुपये देणारे आपणच आणि ती मूठ ओढणारेही आपणच. मग देवळात जे घडले ते अर्पण होते की सवय? अर्पण खरे असेल तर ते देवळाच्या पायरीवर संपत नाही. देवासमोर मोकळा झालेला हात विकणाऱ्यासमोर आवळला जात असेल, तर कथेतली काठी अजून आपल्या हातात आहे.

इथे विवेकही हवा. जत्रेतील प्रत्येक विक्रेता शेतकरी असेलच असे नाही. बरेच जण माल घेऊन येणारे छोटे व्यापारी असतात. तेही कष्टाचे खातात. तरी शेतकऱ्याकडून थेट घेता आले तर पैशाचा मोठा वाटा पिकवणाऱ्याच्या हाती पडतो. म्हणून प्रेमाने विचारावे, “शेंगा कुठल्या गावच्या? तुमच्याच शेतातल्या का?” चौकशी संशयाची नको, नात्याची हवी.

या आठवड्याची साधना

आपण बेंगळुरूत असा, नागपुरात किंवा सोलापुरात, पुढील पाच गोष्टी जमतील.

१. आपल्या ताटातील एक पदार्थ निवडा आणि तो कोणत्या गावातून येतो ते शोधून काढा. दुकानदाराला विचारा, आठवडी बाजारात विचारा.

२. या आठवड्यात एकदा तरी पिकवणाऱ्याकडून थेट काही विकत घ्या. भाव परवडत असेल तर घासाघीस न करता पैसे द्या. परवडत नसेल तर कमी घ्या.

३. घरात नवे धान्य, नवे फळ आले की पहिला वाटा बाजूला काढा. तो घरकामाला येणाऱ्या ताईंना द्या, शेजाऱ्याला द्या, गाईला किंवा पक्ष्यांना द्या. उरलेले देऊ नका, पहिले द्या.

४. बाजारात जाताना कापडी पिशवी न्या. परिषेतही अलीकडे प्लास्टिक टाळण्याचे आवाहन केले जाते. शेंगांची टरफले, भाज्यांची देठे कुंडीतल्या मातीला परत द्या.

५. ओल्या शेंगा आणल्या तर लगेच उकडून खा किंवा उन्हात चांगल्या वाळवा. दमट शेंगांना बुरशी लागते आणि ती शरीराला घातक असते. अन्न वाया न घालवणे हाही पूजेचाच भाग आहे.

मननासाठी प्रश्न

- माझ्याकडून काही घेतले जाते तेव्हा मला राग येतो. त्यातले काय मी आधीच आपण होऊन देऊ शकलो असतो?
- मी देवाला जे देतो आणि माणसाला जे देतो, त्यांत अंतर आहे का?
- माझ्या घरातून बाहेर जाणारे पाणी आणि कचरा कोणाच्या दारात पोहोचतो?

हे प्रश्न सत्संगात एकत्र बसूनही घेता येतील. उत्तर लगेच नको. प्रश्न आठवडाभर जेवताना सोबत ठेवा.

पुढच्या कार्तिकात शेवटच्या सोमवारी बेंगळुरूत असाल तर बसवनगुडीला जरूर जा. नंदीला नमस्कार करा आणि बाहेर येऊन शेंगा विकणाऱ्या माणसाकडेही त्याच डोळ्यांनी पाहा. मापभर शेंगा घ्या. त्यातली पहिली मूठ शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या लेकराच्या ओंजळीत घाला, आणि मग आपण खा.