तीनचाकीचे ऑइल : हिशेब नीट करा

व्यापारी बांधवांनो, माल भरलेली तीनचाकी चढावर क्लच घसरून थांबली, तर गिऱ्हाइकाला दिलेला वायदा मोडतो. कधीकधी यात चूक ऑइलची असते. अनेक चारस्ट्रोक पेट्रोल तीनचाकींत इंजिन, गिअर व क्लच एकाच ऑइलवर चालतात. मोटारीच्या काही सिंथेटिक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांमुळे असा क्लच घसरू शकतो. म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहावी. २०डब्ल्यू-५० की दुसरा ग्रेड, हे गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे. सिंथेटिक ऑइल उष्णतेत जास्त टिकते. तरी बदलण्याची मुदत पुस्तिकेचीच पाळावी. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन कोमट असताना जुने ऑइल काढावे. ते गटारात ओतू नये. तारीख व किलोमीटर वहीत टिपावे. डब्यामागे वाचलेले चार पैसे क्लचप्लेटमध्ये गेले, तर फायदा कसला?