गोदावरीचे दोन तीर

श्रावणातील पहाट उजाडते. गोदाकाठच्या नेवासे, शेवगाव या तालुक्यांतील गावे त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर जागी होतात. अंगणात सडा पडतो, दारापुढे रांगोळी रेखली जाते. धुतलेला गणवेश घालून मुले प्रभातफेरीला निघतात आणि त्यांच्या जयघोषाने गल्लीबोळ दुमदुमून जातात. शाळेच्या पटांगणात तिरंगा वर चढतो, राष्ट्रगीत होते. खाऊ घेऊन मुले घरी परततात, तो घरीही जिलेबीचा पुडा आलेला असतो. असा हा पंधरा ऑगस्ट!

त्यानंतर महिनाभराने, सतरा सप्टेंबरला, नदीपलीकडील पैठण, गंगापूर, वैजापूर या तालुक्यांत पुन्हा एकदा तिरंगा चढतो व तसाच जयघोष घुमतो. नदी एकच, भाषा एकच. अलीकडची लेक पलीकडे दिलेली, पलीकडची सून अलीकडे आलेली. मग पलीकडच्या तीरावर स्वातंत्र्याचे दोन दिवस का? या प्रश्नाच्या उत्तरातच या सणांचा अर्थ दडलेला आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, या शहरी एक जुना भुईकोट किल्ला आहे. चांदबिबीने ज्या तटावरून मोगलांशी झुंज दिली, तो हाच किल्ला. १२ ऑगस्ट १८०३ रोजी तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढे ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे देशाचे पुढारी पकडले गेले. महात्मा गांधींना पुण्यास आगाखान महालात ठेवण्यात आले. काँग्रेस कार्यकारिणीतील बारा जणांना या किल्ल्यात बंदिस्त केले गेले. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू होते, सरदार वल्लभभाई पटेल होते, मौलाना आझाद होते. महाराष्ट्राचे शंकरराव देव होते, आंध्रचे पट्टाभि सीतारामय्या होते, ओरिसाचे हरेकृष्ण महताब होते. प्रांत निराळे, मातृभाषा निराळ्या. बंदिवास मात्र एक.

तो काळ कठीण होता. १९४३ साली मौलाना आझादांच्या पत्नी कलकत्त्यास मृत्युशय्येवर होत्या. पतिपत्नींची अखेरची भेटदेखील झाली नाही. तरीही या बंदिवानांनी धीर सोडला नाही. नेहरूंनी किल्ल्यातील खडकाळ जमीन खणून बाग फुलवली. १९४४ साली अवघ्या पाच महिन्यांत त्यांनी ‘भारताचा शोध’ हा इंग्रजी ग्रंथ तेथेच लिहून काढला. तट देहाला अडवू शकतात, विचाराला नाही!

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. किल्ल्यातील बंदिवान नेहरू पंतप्रधान झाले, पटेल गृहमंत्री झाले. गोदावरीच्या अलीकडील तीरावर आनंदाला पारावार राहिला नाही. पण पलीकडे? पलीकडील तीर हैदराबाद संस्थानात मोडत होता आणि निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला होता. अलीकडे जो तिरंगा अभिमानाने फडकत होता, तोच पलीकडे उभारणे हा गुन्हा होता. संस्थानातील जनतेचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना तर स्वातंत्र्याच्या त्याच दिवशी अटक झाली. रझाकारांच्या सशस्त्र टोळ्यांनी खेडोपाडी जुलूम मांडला. अनेक कुटुंबांना घरदार सोडून सरहद्द ओलांडावी लागली. तरीही स्त्रीपुरुषांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला; कित्येकांनी प्राणही वेचले.

अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. या कारवाईमागे निर्धार होता तो गृहमंत्री सरदार पटेलांचा, एके काळच्या अहमदनगरच्या बंदिवानाचा. १७ सप्टेंबर रोजी निजाम शरण आला. अलीकडच्या तीरानंतर तेरा महिने दोन दिवसांनी पलीकडचा तीर मुक्त झाला. म्हणूनच हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यात हे दोन्ही तीर एकत्रच आले.

एका तीरावर जिलेबी वाटली जात असता दुसऱ्या तीरावरील माणूस झेंडा छातीशी लपवून उभा असेल, तर तो आनंद अपुराच म्हटला पाहिजे. स्वातंत्र्य हे एकट्याने उपभोगण्याचे धन नव्हे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने हेच तत्त्व कायम केले आणि प्रत्येक नागरिकाला समान हक्क दिले. आजही कोणी शेजारी भीतीने, भुकेने वा अज्ञानाने जखडलेला असेल, तर त्याच्या तीरावर अजून पंधरा ऑगस्ट उजाडावयाचा आहे. झेंड्याला वंदन करताना ज्याला त्या पलीकडच्या तीराची आठवण होते, त्यालाच हा सण खरा कळला.

स्वाध्याय

१. गोदावरीच्या पलीकडील तीरावर स्वातंत्र्य उशिरा का आले?
२. ‘तट देहाला अडवू शकतात, विचाराला नाही’ हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : पारावार न राहणे, प्राण वेचणे, धीर न सोडणे.
४. तुमच्या गावातील वडीलधाऱ्या माणसांकडून स्वातंत्र्यलढ्याच्या ऐकीव आठवणी मिळवा व दहा ओळींत लिहा.