ड्राइव्ह नाही, तरी प्लेट लाल!

प्रश्न : 7 मेगाहर्ट्झसाठी 807 ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर घरीच बांधला. की दाबली नसतानाही प्लेट लाल होते. ट्यूब गेली का?
– एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : ट्यूबला एवढ्यात दोष देऊ नका, 807 चिवट असते. आधी स्विच बंद करा. फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत हात घालू नका.

मग 807च्या प्लेटची आणि स्क्रीनची, दोन्ही लाइनी सोडवा (नुसती प्लेट सोडवली तर स्क्रीन जळते). ड्रायव्हर चालू ठेवून, पण की न दाबता, पिन 3 वर बायस मोजा. सप्लायवर निगेटिव्ह पुरेसे, पिनवर मात्र कमी किंवा चक्क पॉझिटिव्ह? मग कपलिंग कपॅसिटर लीक आहे. जुना असेल तर न तपासताच बदलला तरी चालेल. धानाच्या मुलखातल्या पावसाळी दमटपणात सॉकेटही पुसून, वाळवून घ्या.

बायस ठीक असेल, तर पॅरासिटिक ऑसिलेशन. 807ची ही जुनी खोड. वरच्या टोपीच्या वायरीत 47 ओहम, 2 वॉटचा कार्बन रेझिस्टर घाला. त्यावर जाड तारेचे चार-पाच वेढे, टोके रेझिस्टरलाच जोडून. वायरवाउंड नको. स्क्रीनचा बायपास कपॅसिटर सॉकेटला अगदी चिकटून हवा.