गणित अडले म्हणून शाखा बदलावी काय?

प्रथम वर्षाचे निकाल लागले की, शिरूर असो वा दौंड, महाविद्यालयाच्या कार्यालयापुढे काही विद्यार्थी घुटमळताना दिसतात. बाकीचे विषय सुटलेले असतात, गणित तेवढे राहिलेले असते. बी.एस्सी. (संगणकशास्त्र)ला गणित टाळता येत नाही. वाणिज्य शाखेत ते सांख्यिकीचा हात धरून येते. अभियांत्रिकीच्या 'एम-थ्री'ची कहाणी तर घरोघरी ठाऊक आहे. मग शाखा बदलून बी.ए. करावे, असा विचार सुरू होतो.

प्रश्न जुनाच आहे. कादंबरीकार हरि नारायण आपटे १८८३ साली मॅट्रिक झाले, डेक्कन व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले; पण गणितात गती नसल्याने पदवी हाती आली नाही. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. पुढे १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत मराठी भाषेवर व्याख्याने देण्यास हेच पदवीहीन हरिभाऊ उभे राहिले!

यावरून 'गणितावाचून काही अडत नाही' असे म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की, हरिभाऊंना चुलत्यांनी स्थापलेल्या आनंदाश्रम संस्थेच्या व्यवस्थेचे काम मिळाले होते. घोड-भीमेच्या काठी कांदा आणि ऊस पिकविणाऱ्या घरातील मुलाला असा चुलता कोठून मिळणार? त्याचे एक वर्ष वाया जाणे म्हणजे एसटीचा पास, खोलीभाडे आणि धाकट्या बहिणीचा लांबलेला प्रवेश.

म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी आपले नेमके काय अडले आहे, हे तपासावे. त्यासाठी दोन साधी उदाहरणे पुरेत.

कांद्याचा भाव क्विंटलला २००० रुपये होता. तो २० टक्क्यांनी उतरला आणि पुढच्या आठवड्यात २० टक्क्यांनी चढला. आता भाव किती? पुष्कळजण चटकन २००० म्हणतात. पण उतरलेला भाव १६००. त्याचे २० टक्के ३२०. म्हणून उत्तर १९२०. टक्के कशाचे, हा प्रश्न येथे विचारला गेला पाहिजे.

दुसरे असे. टेम्पोचे ठराविक भाडे ५०० रुपये व प्रत्येक पोत्यामागे ४० रुपये. एकूण १३०० रुपये दिले, तर पोती किती? ५०० वजा केले, उरलेल्या ८०० ला ४० ने भागले, पोती २०. हेच 'ख = ५०० + ४० प' असे मांडता आले आणि त्याची रेघ आलेखावर काढता आली, तर बीजगणिताचा पाया शाबूत आहे असे समजावे.

ही दोन्ही जमतात आणि तरीही कलनशास्त्र डोक्यात शिरत नाही, अशांनी एकदा भाषेची अडचण तपासावी. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा पुष्कळदा गणिताला नव्हे, इंग्रजी पुस्तकाला अडखळतो. 'डेरिव्हेटिव्ह' म्हणजे बदलाचा दर, एवढे कोणी समजावून सांगितले की काहींची वाट मोकळी होते. तीही युक्ती फसली आणि मन इतिहासात वा साहित्यात रमत असेल, तर शाखा खुशाल बदलावी. त्यात कमीपणा मुळीच नाही.

मात्र पहिल्याच उदाहरणात जो अडला, त्याची थकबाकी शाळेतील आहे आणि ती बी.ए.लाही त्याच्या मागोमाग येईल. अर्थशास्त्रात निर्देशांक आहेत, भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सरासरी आणि प्रमाण विचलन आहे, मानसशास्त्रातही सांख्यिकी आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतील कितीतरी तरुण पहाटे धावतात ते पोलीस भरतीसाठी. त्या लेखी परीक्षेतही अंकगणित असतेच. अशा विद्यार्थ्याने शाखा बदलो वा न बदलो, सातवी-आठवीची पुस्तके पुन्हा उघडावीत. दोन महिने रोज तासभर पुरे.

व्यवहाराची बाजूही आहे. विज्ञानाकडून कलेकडे येता येते. परतीची वाट सहसा बंद होते. नव्या शाखेत बहुधा प्रथम वर्षापासूनच बसावे लागते. २०२१ पासून मिळविलेले श्रेयांक 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा ठेवण्याची सोय झाली आहे. परंतु त्यांतले किती नव्या पदवीत धरले जातील, हे प्रवेशाआधी महाविद्यालयाकडून लेखी मागून घ्यावे. शिष्यवृत्ती असल्यास ती पुढे चालू राहते काय, हेही त्याच खिडकीवर, त्याच दिवशी विचारावे. आणि एटीकेटीचा फॉर्म भरण्याची मुदत तोवर टळू देऊ नये.