प्रगतीचे माप

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे तालुक्याचे गाव हळदीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. हंगाम आला की येथील मोंढ्यात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. शेतातून काढलेले कंद शिजवावयाचे, उन्हात वाळवावयाचे, ढोलात घोळून त्यांस तकाकी आणावयाची आणि मग सौद्याला न्यावयाचे, असा हा क्रम असतो. या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पीक चांगले आले व भावही चढा मिळाला, म्हणजे शेतकऱ्यापासून हमालापर्यंत अनेकांच्या हाती पैसा खेळतो. 'यंदा वसमतची भरभराट झाली,' असे मग लोक सहज बोलून जातात. परंतु गावाची भरभराट केवळ मोंढ्यातील उलाढालीवरून ठरवावी काय? जो प्रश्न गावाचा, तोच देशाचाही आहे.

एका वर्षात देशात जे पिकते, जे तयार होते आणि जी सेवा मोल घेऊन केली जाते, त्या सर्वांची किंमत दुबार मोजणी टाळून एकत्र केली म्हणजे देशाचे सकल उत्पन्न कळते. महागाईचा भाग वगळून ते जितके वाढेल, तितकी देशाची आर्थिक वाढ झाली असे समजतात. या उत्पन्नास लोकसंख्येने भागले की दरडोई उत्पन्न निघते.

हे माप निरुपयोगी मुळीच नव्हे. दादाभाई नौरोजी यांनी १८६७-६८ सालच्या आकड्यांवरून हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे दाखविले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणारा खर्चही त्याहून अधिक होता! परकीय सत्तेखाली देश सुखी आहे, या म्हणण्यातील फोलपणा त्या एका आकड्याने उघडा पडला. जेथे पोटभर अन्न नाही, तेथे उत्पन्न वाढलेच पाहिजे. शाळा, दवाखाने व रस्ते नुसत्या सदिच्छेने बांधले जात नाहीत.

तथापि, या मापाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पहिली मर्यादा सरासरीची. एका वस्तीत दहा माणसे आहेत. एकाचे उत्पन्न ९१,००० रुपये व उरलेल्या नऊ जणांचे प्रत्येकी १,००० रुपये आहे. सरासरी १०,००० रुपये येते; परंतु एवढे उत्पन्न असलेला एकही मनुष्य त्या वस्तीत सापडणार नाही. राज्याचेही असेच होते. मुंबईची संपत्ती हिशेबात मिसळली की मराठवाड्यातील उणीव झाकली जाते. म्हणूनच १९८३ साली महाराष्ट्र शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबतीत कोणता जिल्हा किती मागे आहे, हे तिने १९८४ साली मांडले.

दुसरी मर्यादा अशी की, ज्याचे मोल पैशात होत नाही, ते या हिशेबात येत नाही. खाणावळीतील भाकरी राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जाते. आईने चुलीपुढे बसून थापलेली भाकरी मोजली जात नाही. आजाऱ्याची शुश्रूषा करणारी बहीण या हिशेबात रिकामीच ठरते.

तिसरी मर्यादा याहून विलक्षण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे नवी घरे उभी राहिली, तेव्हा त्या बांधकामाची किंमत उत्पन्नात जमा झाली. परंतु जी घरे पडली, जी माणसे गेली, त्यांची वजाबाकी कोणी केली नाही. नव्या विंधन विहिरीचा खर्च जमेस धरतात. भूगर्भातील आटलेले पाणी मात्र वजा करीत नाहीत.

राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घालून देणारे अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली असा इशारा दिला होता की, या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण ठरविता येणार नाही. पुढे १९९० साली पाकिस्तानचे महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साह्याने 'मानव विकास निर्देशांक' पुढे आणला. त्यात आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न या तिन्ही गोष्टी विचारात घेतात. उत्पन्न त्यातून वगळलेले नाही. केवळ त्याचे एकट्याचे राज्य संपले आहे.

आपल्या देशातील दोन राज्यांचे उदाहरण पाहावे. १९९१ साली केरळचे दरडोई उत्पन्न महाराष्ट्राहून कमी होते. परंतु तेथे शंभरांतील सुमारे ९० लोक साक्षर होते, तर महाराष्ट्रात सुमारे ६५. याउलट, महाराष्ट्राचे उत्पन्न वाढत असताना सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ वर आली. ज्या काळात धन वाढले, त्याच काळात लेकी कमी झाल्या. याला प्रगती कोण म्हणेल?

तराजूने वजन कळते, ताप कळत नाही. म्हणून कोणी तराजू फेकून देत नाही, पण वैद्य तेवढ्यावर थांबतही नाही. वसमतच्या मोंढ्यात किती क्विंटल हळद आली, हे अवश्य मोजावे. त्याबरोबर हेही विचारावे की, ती पोती वाहणाऱ्या हमालाच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटते काय? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल वर्षभर शाळेत टिकले काय? पुढच्या पिढीसाठी विहिरीत पाणी राहिले काय? या प्रश्नांची उत्तरे ज्या वर्षी होकारार्थी येतील, ते वर्ष खऱ्या भरभराटीचे समजावे.

शब्दार्थ : मोंढा – शेतमालाची बाजारपेठ. दरडोई – प्रत्येक माणसामागे. फोलपणा – पोकळपणा. शुश्रूषा – सेवा.

स्वाध्याय
१. दादाभाई नौरोजींनी काढलेल्या आकड्यामुळे कोणती गोष्ट उघड झाली?
२. सरासरी उत्पन्न फसवे का ठरू शकते? पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. 'त्याचे एकट्याचे राज्य संपले आहे' या वाक्याचा अर्थ सांगा.
४. तुमच्या गावाची प्रगती मोजण्यासाठी तुम्ही कोणत्या पाच गोष्टी पाहाल, ते कारणांसह लिहा.