झडपांची वेळ आणि शंकूची सावली

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता गांगुलपाऱ्याच्या पुढे घाट चढू लागतो. जुन्या मोटारीची परीक्षा घ्यावयाची असेल तर ती याच चढावर घ्यावी, असे आमच्या गावचे मिस्त्री म्हणतात. एका शेतकरी कुटुंबाची जुनी अँबॅसॅडर मोटार या परीक्षेत एकसारखी नापास होत होती. तिचे इंजिन नुकतेच संपूर्ण उघडून नव्याने जोडले होते. सपाटीवर ती चाले; पण चढ लागताच तिचा दम उखडे. कार्बुरेटर साफ झाला, ठिणगीची वेळ तपासली, प्लग बदलले, गुण येईना. अखेरीस मोटार भंगारात द्यावी, असा घरातील मंडळींचा विचार ठरू लागला. त्या इंजिनाचा दोष कसा सापडला, हे सांगण्यापूर्वी आपण त्यामागील शास्त्र थोडक्यात पाहू.

निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी करून दाखविले. हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, पेटवून शक्ती मिळविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे, हे ते चार टप्पे होत. या चार टप्प्यांत पिस्टन दोनदा खाली व दोनदा वर जातो; म्हणजेच क्रँकशाफ्टचे दोन फेरे, अर्थात ७२० अंश, पूर्ण होतात. तेवढ्या अवधीत आत घेणारी झडप एकदाच व बाहेर टाकणारी झडपही एकदाच उघडावयाची असते. झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा, ठिकठिकाणी उंचवटे असलेला दांडा करतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक व्हावा, म्हणून त्याच्या दातेरी चाकास क्रँकशाफ्टच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात व दोन्ही चाके साखळीने जोडलेली असतात.

पिस्टन ज्या सर्वांत उंच जागी पोहोचतो तिला आपण ऊर्ध्वबिंदू म्हणू, व सर्वांत खालच्या जागेस अधोबिंदू. झडपा नेमक्या या बिंदूंवरच उघडाव्यात व मिटाव्यात, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु वायूलाही जडत्व असते. त्यास हलण्यास वेळ लागतो आणि एकदा धावू लागला की तो एकदम थांबत नाही. म्हणून त्या पिढीच्या शांत चालीच्या इंजिनात आत घेणारी झडप ऊर्ध्वबिंदूच्या सुमारे ५ अंश आधी उघडते व अधोबिंदूनंतर ४५ अंशांनी मिटते. बेरीज करून पाहा : ५ + १८० + ४५ = २३०. इतके अंश ती उघडी असते. तिची सर्वाधिक उघडीक या अवधीच्या मध्यावर, म्हणजे ११५ अंशांनंतर येते. त्यातून आधीचे ५ वजा केले की ऊर्ध्वबिंदूनंतर ११० अंश हे उत्तर मिळते. हा ११० चा आकडा ध्यानात ठेवावा.

आता साखळी एका दात्याने चुकीची बसली तर काय होईल? समजा, कॅमशाफ्टच्या चाकास ४० दाते आहेत. एक दाता म्हणजे त्या चाकाचे ९ अंश, आणि क्रँकशाफ्टच्या मापाने १८. झडप उशिरा चालू लागली, तर ती अधोबिंदूनंतर ४५ ऐवजी ६३ अंशांनी मिटेल. तोवर पिस्टन बराच वर आलेला असतो, व इंजिन संथ चालत असताना तो आत आलेले मिश्रण आल्या वाटेने परत ढकलतो. चढावर दम उखडतो तो यामुळे. काही इंजिनांत तर अशा चुकीने पिस्टन झडपेवर आदळून ती वाकते.

ही चूक टळावी म्हणून दोन्ही चाकांवर कारखान्यातच एकेक ठिपका ठोकलेला असतो. अँबॅसॅडरच्या इंजिनात हे ठिपके समोरासमोर आणून साखळी चढवितात. आमच्या मिस्त्रींनी पुढचे झाकण काढून पाहिले, तर ठिपके अगदी समोरासमोर होते! सामान्य कारागिराने येथेच हात टेकले असते. मिस्त्री मात्र म्हणाले, “ठिपका माणसाने ठोकलेला असतो, तो चुकू शकतो. आपण इंजिनालाच विचारू.”

त्यासाठी त्यांनी इंजिनाचे डोके उतरविले. क्रँकशाफ्टच्या टोकास ३६० अंशांच्या खुणा केलेली एक तबकडी बसविली आणि तारेचा एक काटा तिच्याजवळ स्थिर केला. पहिला प्रश्न असा की, पिस्टन नेमका ऊर्ध्वबिंदूवर केव्हा असतो? डोळ्यांनी हे ठरविता येत नाही. अँबॅसॅडरच्या १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनात पिस्टनची धाव ८८.९ मिलिमीटर आहे. क्रँक आडवी असताना ५ अंश फिरविली तर पिस्टन जवळजवळ ४ मिलिमीटर सरकतो. पण ऊर्ध्वबिंदूपाशी तेवढ्याच ५ अंशांत तो मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढाच हलतो. शिखरावर गती मंदावते व नजर फसते.

मिस्त्रींनी सिलिंडरवर एक आडवी पट्टी बसवून तिच्यातून एक बोल्ट खाली सोडला. पिस्टन एका दिशेने हळूच फिरवीत बोल्टास टेकविला व तबकडीवरील अंश लिहिला. मग उलट दिशेने फिरवून टेकविला व तोही लिहिला. या दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा ऊर्ध्वबिंदू. एका बाजूस २४ व दुसऱ्या बाजूस २० अंश आले, तर काटा २ अंशांनी सरकवावा, म्हणजे दोन्हीकडे २२ होतात.

हीच युक्ती कॅमशाफ्टलाही लागू पडते. पुशरॉडच्या टोकावर डायल गेज टेकवून त्यांनी प्रथम सर्वाधिक उंची पाहिली. मग चढताना त्या उंचीच्या १ मिलिमीटर अलीकडे किती अंश होते, व उतरताना तितकेच खाली येता किती अंश झाले, हे टिपून मध्य काढला. या वेळी क्रँक नेहमीच्या दिशेनेच फिरवावी लागते, नाहीतर साखळीतील ढिलाई मापात शिरते. मध्य ११० वर यावयास हवा होता. तो बरोबर एका दात्याइतका पुढे गेलेला आढळला. बदलून घातलेल्या नव्या चाकावरील ठिपकाच चुकीच्या दात्यावर होता! साखळी एका दात्याने सरकवून त्यांनी पुन्हा मोजले आणि योग्य जागी नवी खूण ठोकली. मग पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतानाच ठिणगीची वेळ जुळविली. कारण दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो आणि त्यांपैकी एकच वेळ ठिणगीची असते.

वाचकहो, ही युक्ती आपल्या देशास नवी नाही. आपले प्राचीन ज्योतिषी सपाट भूमीवर शंकू रोवून त्याभोवती वर्तुळ काढीत. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात कोठे शिरते व दुपारनंतर कोठे बाहेर पडते, या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळे, आणि तिच्या मध्यावरील लंब म्हणजे उत्तर-दक्षिण. मध्यान्ही सावलीची लांबी फारशी बदलत नाही; म्हणून ऐन मध्यान्हीकडे पाहत न बसता त्याच्या दोन्ही बाजूंस समान अंतरावर मोजावयाचे व मध्य काढावयाचा. अंगणात एक काठी रोवून हा प्रयोग कोणाही विद्यार्थ्यास करता येईल.

उत्तरपाडा येथील कारखान्यात अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. ज्या मोटारी अद्याप रस्त्यावर आहेत, त्यांचे आयुष्य आता अशाच कारागिरांच्या हाती आहे. नवे सुटे भाग चुकीचे निघतील, ठिपकेही चुकतील; परंतु दोन्ही बाजूंनी मोजून काढलेला मध्य सहसा फसवीत नाही. ती मोटार भंगारात गेली नाही. पुढच्याच आठवड्यात ती गांगुलपाऱ्याचा घाट चढून बैहरला गेली, आणि तबकडीवरचे अंश वहीत टिपून घेण्याचे काम ज्याने केले होते, तो त्या घरचा नववीतील मुलगा मिस्त्रींच्या शेजारी बसला होता.